आयलिंक पोर्टेबल ड्युओ: मराठी डेटासाठी नेदरलँड्सला गेले तेव्हा वापरलेल्या आय-ट्रॅकरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचायला नको. मशीन एक नंबर आहे. पण तुम्ही थोड्या आठवड्यांसाठी दुसऱ्याच्या लॅबमध्ये डेटा गोळा करायला जाणार असाल तर मशीन कुठल्या कंपनीचं, किती हर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला किती नोंदी घेणारं) हे विचारण्याआधी तिथे ते मशीन रोज हाताळणारं माणूस कोण आहे आणि तुमच्या तारखांना ते माणूस सुट्टीवर तर नाहीये ना, एवढं विचारून घ्या. ब्रोशरमध्ये हे कुठेच नसतं आणि खरा फरक इथेच पडतो.

आता ज्यांना हे काय प्रकरण आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आय-ट्रॅकर म्हणजे डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकून कॅमेऱ्याने डोळ्याची बाहुली आणि बुबुळावर चमकणारा ठिपका या दोन्ही गोष्टी पकडायच्या आणि त्या दोघांमधल्या अंतरावरून माणूस स्क्रीनवर नेमका कुठे बघतोय ते काढायचं. आपल्याला वाटतं वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते, तर तसं अजिबात नसतं, ती उड्या मारते, साधारण पाव सेकंद थांबते, परत उडी, मधले काही शब्द चक्क गाळते आणि मध्येच मागेही येते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत ह्यूई नावाच्या माणसाने हे मोजायला वाचणाऱ्याच्या डोळ्यावर प्लास्टरची वाटी बसवून तिला अॅल्युमिनियमची काडी जोडली होती, ते वाचल्यापासून माझी चिनरेस्टबद्दल, म्हणजे हनुवटी टेकवायच्या स्टँडबद्दल, कुरकुर करायची हिंमत होत नाही.

आयलिंक ही कॅनडातल्या ऑटावाच्या एसआर रिसर्च कंपनीची मशीन्स, भाषेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये जिकडे जाल तिकडे हीच दिसतात. पोर्टेबल ड्युओ हे त्यातलं बॅगेत बसणारं मॉडेल, सोबत एक लॅपटॉप येतो जो फक्त डोळे मोजायचं काम करतो, प्रयोग दाखवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो आणि दोघांच्या मध्ये नेटवर्कची केबल. नावात ड्युओ आहे कारण हनुवटी स्टँडवर टेकवून पण वापरता येतं आणि डोकं मोकळं ठेवून पण. दुसऱ्या पद्धतीला रिमोट मोड म्हणतात, त्यात कपाळावर एक छोटा गोल स्टिकर लावायचा, म्हणजे डोकं किती हललं ते कॅमेऱ्याला कळतं. प्रयोगाला आलेल्या आमच्या लोकांना तो स्टिकर फार आवडला, एका काकांनी तो तसाच लावून नंतर अख्खी ट्रेन पकडली.

माझं काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही, कुणाला कशासाठी हवंय यावर सगळं आहे. मी पुण्याहून गेले होते, भाषाशास्त्रात पीएचडी चालू आहे, आणि मला बघायचं होतं की वर्षानुवर्षं बाहेर राहिलेली, घरात मराठी, ऑफिसात इंग्रजी आणि दुकानात डच बोलणारी माणसं मराठीतलं लिंग ऐकताना किती पटकन वापरतात. म्हणजे असं बघा, स्क्रीनवर चार चित्रं आहेत, छत्री, पंखा, चेंडू, फूल, आणि चारही पिवळी आहेत. कानात ऐकू येतं "पिवळी" आणि अजून पुढचा शब्द आलेलाच नाही. रंगावरून काहीच कळत नाही, सगळंच पिवळं आहे, पण "पिवळी" म्हटल्यावर पंखा, चेंडू आणि फूल तिघंही बाद, उरली छत्री. नजर तेवढ्यात छत्रीकडे गेली तर समजायचं की त्या माणसाने शेवटचा ईकार कामाला लावला. आणि तुलनेसाठी चारही चित्रं लाल करायची, कारण "लाल" सगळ्यांना एकच, लाल छत्री, लाल पंखा, लाल फूल, तिथे शब्द ऐकेपर्यंत थांबावंच लागतं.

ही कल्पना माझी नाहीये, १९९५ मध्ये टॅननहाउस आणि मंडळींनी सायन्स या नियतकालिकात पेपर छापला तेव्हापासून ऐकता ऐकता चित्रांकडे बघणाऱ्या डोळ्यांची ही पद्धत जोरात चालू झाली, आणि १९९९ मध्ये ऑल्टमन आणि कामिदे यांनी दाखवलं की मुलगा खाणार आहे एवढं ऐकल्यावरच लोकांची नजर केककडे जाते, केक हा शब्द यायच्या आधीच. लिंगावरचं काम स्पॅनिश मुलांवर २००७ मध्ये झालंय, तिथे दोनच लिंगं, आपल्याकडे तीन, त्यामुळे मला वाटलं मराठीत मजा येईल. आणि आपल्याकडे कुणी काही करत नाही असंही नाहीये हं, रमेश मिश्रा आणि सहकाऱ्यांनी कमी शिकलेल्या आणि जास्त शिकलेल्या हिंदी भाषकांवर याच पद्धतीने केलेलं काम २०१२ मध्ये आलंय आणि अशा प्रयोगात भाग घेणारा म्हणजे कॉलेजचाच विद्यार्थी असं जे सगळीकडे धरून चालतात त्याला त्याने चांगलाच धक्का दिला.

नेदरलँड्सच का तर दोन कारणं. एक म्हणजे भाषा आणि मेंदू यावर काम करणारी माणसं तिथे खच्चून आहेत, निमेगेनला मॅक्स प्लांकची अख्खी संस्थाच या विषयाची आहे. आणि दुसरं म्हणजे आइंडहोवन आणि आम्स्टलवेन भागात आपली माणसं भरपूर, आइंडहोवनला एएसएमएल आणि चिपच्या इतर कंपन्यांमुळे इंजिनियर लोकांची रांग लागलीये. मी ज्या लॅबमध्ये होते तिचं नाव टाकत नाही, कारण पुढे काही तक्रारी पण आहेत आणि त्या त्यांच्याबद्दलच्या नसल्या तरी वाचणारे जोडून मोकळे होतात.

तर मशीन. चिनरेस्टवर हनुवटी, कपाळ वरच्या पट्टीला टेकलेलं, एक डोळा, सेकंदाला १००० सॅम्पल, या सेटिंगला डेटा इतका स्वच्छ येतो की बघत बसावंसं वाटतं. सुरुवातीला कॅलिब्रेशन, स्क्रीनवर नऊ जागी ठिपका येतो आणि माणसाने फक्त त्याच्याकडे बघायचं, मग तेच परत करून मशीन स्वतःच सांगतं गुड, फेअर का पुअर. सरासरी चूक नजरेच्या कोनाच्या अर्ध्या अंशाच्या आत आणि कुठल्याही ठिपक्यावर एका अंशापेक्षा जास्त नाही, असं आलं की पुढे जायचं, नाहीतर परत. आणि इथेच ते माणूस लागतं जे मी वर म्हणाले. फोकस किती, बाहुलीचा थ्रेशोल्ड किती (म्हणजे किती काळं दिसलं की बाहुली धरायची), कॅमेरा किती खाली घ्यायचा म्हणजे पापणी आड येणार नाही, हे मॅन्युअलमध्ये आहे सगळं, मॅन्युअल चांगलंय, पण समोर एक काकू हनुवटी टेकवून बसल्यात, त्यांची मान अवघडलीये आणि तुम्ही पान उलटताय हे चालत नाही. लॅबमधली जी टेक्निशियन बाई होती ती लांबूनच स्क्रीनकडे बघून म्हणायची खुर्ची दोन बोटं वर घे, आणि खरंच गुड यायचं. तिला स्वतंत्र पाच स्टार.

आपल्या लोकांच्या डोळ्यांबद्दल काही गोष्टी युरोपातल्या लॅबला माहीत नसतात त्या सांगून ठेवते. काजळ! मशीन गडद काळा गोल शोधत असतं, त्यामुळे पापणीच्या कडेला दाट काळी रेघ असली की ते तिलाच बाहुली समजून बसतं आणि नजर स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी भटकते. मस्काराचं पण तेच. मी व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये लिहून ठेवलं होतं की प्लीज डोळ्यांना काही लावून येऊ नका, तरी रविवारी मंडळाच्या कार्यक्रमातून थेट आलेल्या बायकांना काय सांगणार, क्लिन्झर आणि कापूस ठेवलाच होता. मग चष्मा. साधा चष्मा बहुतेक वेळा चालतो, कॅमेरा जरा तिरका केला की काचेवरचं चमकणं बाजूला जातं, पण बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह म्हणजे डोकेदुखी, कारण काचेच्या मधल्या रेषेपाशी बाहुली वाकडी दिसते आणि चाळिशी उलटलेल्या निम्म्या लोकांना तेच चष्मे. माझ्या प्रयोगात चित्रं मोठी आणि लांब लांब होती म्हणून निभावलं, वाक्यं वाचायला दिली असती तर यातल्या बऱ्याच जणांचा डेटा टाकूनच द्यावा लागला असता. आणि हो, प्रत्येक जण विचारतो, डोळ्यांना काही होणार नाही ना. इन्फ्रारेडची तीव्रता सुरक्षेच्या मर्यादेत असते, हे छापील कागदावर मराठीत लिहून ठेवा, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

आता रिमोट मोड, ज्यासाठी लोक पोर्टेबल घेतात. डोकं मोकळं म्हणजे मुलं आणि आजी-आजोबा यांच्यासाठी वरदान आहे हे मान्य, पण मोकळं म्हणजे कितीही मोकळं असं नाही, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहावं लागतं आणि आपण मराठी माणसं बोलताना मान हलवतो, हात हलवतो, समोरचं चित्र आवडलं तर मागे वळून बायकोला सांगतो. त्यात मधल्या नोंदी हुकतात. त्यामुळे लॅब हाताशी असेल तर मोठ्यांसाठी सरळ चिनरेस्ट वापरा, माझं स्पष्ट मत आहे.

आइंडहोवन भागातला एक कम्युनिटी हॉल आम्हाला शनिवार-रविवारसाठी मिळाला होता, त्याला मात्र दोनच स्टार. डच लोकांना खिडक्या मोठ्या लागतात आणि पडदे नको असतात, घरांमध्ये पण तसंच, रस्त्यावरून दिवाणखाना दिसतो. दिसायला छान. पण सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि ऊन थेट चेहऱ्यावर आलं की मशीनच्या प्रकाशाचं काही चालत नाही, बाहुली आकसून टाचणीएवढी होते ती वेगळीच. बुक करताना मी विचारलं होतं की खोली अंधारी करता येईल का, उत्तर आलं होतं हो, प्रत्यक्षात एका खिडकीला ब्लाइंड होते आणि चार उघड्या. शेवटी बाइकवरून येणाऱ्या एका मुलाने पॅकिंगचे मोठे पुठ्ठे आणले, ते चिकटपट्टीने लावले आणि काम चालू झालं. तिकडे बाइक म्हणजे सायकल, पुठ्ठे घेऊन वाऱ्यात सायकल चालवणं हे वेगळं शास्त्र आहे.

प्रयोगाच्या आधी एक काम मात्र पुण्यातच उरकून जा, शब्दांची तपासणी. मराठी म्हणजे एकच मराठी नाही. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, पेनचं चित्र होतं, एकाने पिवळा पेन म्हटलं, दुसरीने पिवळं पेन आणि तिसरा ठामपणे पिवळी पेन. सगळे आपापल्या जागी बरोबर. पण नजर कुठे जायला हवी हेच ठरत नसेल तर मोजायचं काय, म्हणून उसने आलेले शब्द सगळे काढले आणि छत्री, पंखा, चेंडू, फूल असे घट्ट बसलेले ठेवले. नागपूरचे, कोल्हापूरचे, रत्नागिरीचे, सगळ्यांकडून चित्रांची नावं आधी वदवून घेतली. ऑडिओचंही बघा, "पिवळी" आणि "छत्री" यांच्यामध्ये किती मिलिसेकंद आहेत ते प्रत्येक वाक्यात मोजून ठेवावं लागतं, कारण ऐकल्यापासून डोळा हलायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात, दोन शब्द एकमेकांना चिकटून बोलले तर नजर "पिवळी"मुळे गेली का "छत्री"मुळे हे कुणालाच सांगता येणार नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या मैत्रिणीला हळू बोल हळू बोल म्हणून मी इतकं पिडलं की ती आता फोनवर पण हळू बोलते.

१००० हर्ट्झ लागतं का? हा प्रश्न विकत घेणाऱ्यांनी विचारायलाच हवा. चार चित्रांच्या प्रयोगासाठी खरं सांगायचं तर नाही लागत. आपण शेवटी डेटा वीस किंवा पन्नास मिलिसेकंदांच्या कप्प्यात टाकून आलेख काढतो, ६० हर्ट्झच्या मशीनला दर सतरा मिलिसेकंदांनी एक नोंद मिळते, तेवढ्यात भागतं, टोबी कंपनीचं किंवा कुणाचंही छोटं मॉडेल चालेल. पण वाचन असेल, आणि त्यातही नजर उडी मारत असतानाच स्क्रीनवरचा शब्द बदलायचा असेल तर वेग हवाच, तिथे तडजोड नाही. देवनागरी वाचनात अजून एक आहे, आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, र कधी डोक्यावर कधी पायाशी, त्यामुळे वर-खालची चूक जास्त महागात पडते, ओळी नीट सुट्या ठेवा नाहीतर नजर वरच्या ओळीवर होती का खालच्या हे सांगता येत नाही. मी वाचनाचा छोटा भाग घेतला तो एका ओळीच्या वाक्यांचाच घेतला. पॉट्सडॅम आणि अलाहाबादच्या लोकांनी हिंदी वाचनाचा मोठा संच करून २०१५ मध्ये त्यावर पेपर काढलाय, मराठीत कुणी काय करायचं असेल तर आधी तो बघावा. आणि वाक्यं टाइप करून सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका, सरळ चित्र म्हणून सेव्ह करून घाला, जोडाक्षरं तुटायचा प्रश्नच मिटतो.

खटकणाऱ्या गोष्टी. किंमत वेबसाइटवर नसते, कोटेशन मागवावं लागतं, आणि ती आपल्या कॉलेजांच्या बजेटच्या पलीकडची असते हे कोटेशन न मागवताही कळतं. प्रयोग बनवायचं आणि डेटा बघायचं सॉफ्टवेअर चालवायला यूएसबीची डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, लागते, ती लॅबची, ती लॅबमध्येच राहते, त्यामुळे परत येऊन निवांत बघू असं म्हणणाऱ्यांनी तिथे असतानाच फाइल टेक्स्टमध्ये बदलून घ्याव्यात, त्यासाठीचं टूल फुकट आहे. फाइलच्या नावाला आठच अक्षरं, २०२० नंतरच्या जगात हे काय आहे देव जाणे, पण आधीपासून कोड ठरवले तर त्रास नाही. सपोर्टचा फोरम मात्र भरलेला आहे, माझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथे आधीच पडलेली होती.

कागदपत्रांचं दुखणं मशीनपेक्षा मोठं आहे. एथिक्सची मंजुरी इकडचीही लागते आणि तिकडचीही, आणि दोन्ही ठिकाणचे लोक आधी दुसऱ्यांचं पत्र आणा म्हणतात. शेंगेन व्हिसाला १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आणि ३०,००० युरोचा विमा. शिवाय युरोपातल्या माणसांचा डेटा भारतात न्यायचा तर त्यांचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा आड येतो, नाव काढून फक्त कोड ठेवला तरी कोड कुणाचा ही यादी जोवर अस्तित्वात आहे तोवर तो वैयक्तिक डेटाच धरतात. आमच्यात ठरलं की यादी तिकडच्या लॅबच्या कपाटात राहील, मी फक्त कोडवाल्या फाइल आणेन, आणि त्यासाठी दोन विद्यापीठांमध्ये करार. हा करार जाण्याच्या कितीतरी आधी सुरू करा, तिकडे वकील ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतात.

भाग घेतल्याबद्दल व्हाउचर द्यायचं असतं आणि त्याची सही घ्यायची असते. आपल्या माणसांना हे झेपत नाही. "अगं तुझ्या अभ्यासाचं काम आहे, पैसे कसले घ्यायचे" असं म्हणणाऱ्या काकांना मी समजावलं की तुम्ही नाही घेतलंत तर माझा हिशोब जुळत नाही, तेव्हा कुठे सही केली, आणि व्हाउचर नातीला दिलं.

राहण्या-खाण्याबद्दल दोन ओळी. गेस्टहाउस स्वच्छ, पलंग अरुंद, जिना इतका उभा की बॅग घेऊन चढताना गड चढल्यासारखं वाटतं. दुपारचं जेवण म्हणजे थंड पाव आणि चीज, त्याची सवय होत नाही, डबा न्या. कुठल्याही सुपरमार्केटात कार्नेमेल्क म्हणून पुडा मिळतो, मीठ-जिरं घातलं की चांगलं ताक होतं, माझे अर्धे दिवस त्यावर गेले.

तर स्टार असे. ड्युओ चिनरेस्टवर साडेचार, अर्धा त्या आठ अक्षरांचा कापला. रिमोट मोड तीन, लहान मुलांसाठी वापरणार असाल तर चार. वेबकॅमवर घरबसल्या होतं की असं कुणी म्हणेल, होतं, चित्रांच्या प्रयोगाला कामचलाऊ होतं, वाचनाला नाही. आणि सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर जर्मनीच्या एसएमआय कंपनीची मशीन्स कुठे स्वस्तात दिसली तरी थांबा, ती कंपनी २०१७ मध्ये अॅपलने विकत घेतली आणि त्यानंतर त्यांचे ट्रॅकर बाजारात येणं बंद झालं, उद्या केबल तुटली तर ती कुठून आणणार ते आधी विकणाऱ्यालाच विचारा.